सुबाभळीच्या शेंगा आणि चांदणीचं शेपूट

आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, खिळ्याला एक पांढरं शेपूट टांगलेलं आहे. टोकाला जरा जळलेलं. येणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याला चवरी समजून "कुठल्या देवस्थानची?" असं विचारतात. उरलेले निम्मे काही विचारत नाहीत, नुसता चहा लवकर संपवतात. बायको सगळ्यांना सांगते, "यांच्या अख्ख्या नोकरीची कमाई आहे ती." थट्टेनंच म्हणते, पण मी कितीही आठवून पाहिलं, तरी भिंतीवर लावण्यासारखं दुसरं काही हाती लागत नाही.

मी नाशकातल्या एका सार्वजनिक बागेचा निरीक्षक होतो. बागेचा निरीक्षक म्हणजे फुलांत वावरणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते. लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांचीही होती. प्रत्यक्षात फुलं चार दिवस येतात आणि जातात. वर्षभर चालतं ते वरून पडलेलं गोळा करण्याचं काम. पानं, काटक्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि शेंगा. फुलांवर सगळे भाळतात, शेंगा मात्र बागवाल्याच्या वाट्याला येतात. गुलमोहराच्या शेंगा म्हणजे लाकडी तलवारी. त्यांनी पोरं लढतात आणि पोरांच्या आया माझ्याशी लढतात. कांचनाची शेंग उन्हात तापली की फट्‌कन उकलते, दोन्ही सालं पिळवटतात आणि बी लांब उडतं. बाकावर डुलकी घेणाऱ्याच्या टकलावर ते बसलं, की तक्रार येते: "तुमचा माळी खडे मारतो."

शिरीषाची तर वेगळीच कथा. त्याच्या चपट्या, वाळलेल्या शेंगा उन्हाळ्यात वाऱ्यानं सारख्या खुळखुळतात. समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ आले. "झाड राहू द्या," ते मोठ्या मनानं म्हणाले, "आवाज तेवढा काढा." मी त्यांना समजावलं, की शेंग वाजते याचा अर्थ आतलं बी पिकलं. ते म्हणाले, "पिकलं ना? मग उतरवा की, आंब्यासारखं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं माझ्याकडे बऱ्याच गोष्टींना उत्तर नसायचं. पण ते कबूल करायची सवय नव्हती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

बागेच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर "हिरवळीवर बसू नये" एवढंच कायमचं रंगवलेलं. खाली भरपूर जागा रिकामी. एका थंडीत मी तिथं खडूनं लिहायला लागलो: "आजची गंमत." पहिली गंमत अस्वलाची होती. "थंड मुलखातलं अस्वल हिवाळाभर झोपतं आणि ते सगळे महिने लघवीला एकदाही उठत नाही."

सकाळी फिरायला येणारी मंडळी फळ्यापुढे थबकली. सगळी साठीच्या पुढची. मग आप्पा सोनवण्यांनी कानटोपी काढली. आप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले आणि या सकाळच्या मंडळाचे स्वयंघोषित अध्यक्ष. अत्यंत आदरानं ते म्हणाले, "निरीक्षक, हे अस्वल कुठं असतं सांगा. त्याच्या पाया पडून येतो."

झालं. मला चटक लागली. मग मी गोठणाऱ्या बेडकाबद्दल लिहिलं. परदेशात एक बेडूक हिवाळ्यात खरोखर गोठतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो, हातात घेतला तर दगड. थंडी सरली, की हळूहळू वितळतो आणि उडी मारून कामाला लागतो. आप्पा म्हणाले, "आमच्या केंद्रातला वीज बनवणारा एक संच असाच थंड पडायचा. उडी मात्र कधी मारली नाही त्यानं." आपल्याकडचे बेडूक उलट उन्हाळ्यात जमिनीत गाडून घेतात, गोगलगाय तोंडावर पडदा ओढून पडून राहते, हेही लिहिलं. एकदा लिहिलं, की बर्फाळ प्रदेशातली एक खार हिवाळी गुंगीतून अधूनमधून जागी होते, ती कशाला? तर नीट झोप काढायला. त्या दिवशी मुख्य कार्यालयातले एक साहेब पाहणीला आले होते. त्यांना ते स्वतःबद्दल वाटलं.

फळ्यावर लिहिणाऱ्याला लोक जाणकार समजतात. त्याहून वाईट म्हणजे काही दिवसांनी तोही समजायला लागतो.

आता पुंजाबा. पुंजाबा घोडीवाला. नाशकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे, गॅरेजांच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. त्याच्याकडे चांदणी नावाची पांढरीशुभ्र घोडी होती. लग्नाच्या वरातीत नवरदेव मिरवायचा, यावर त्याचं घर चालायचं. दुसरं जनावर नाही, दुसरा धंदा नाही. चांदणीचं रूप म्हणाल तर तिची आयाळ आणि तिचं शेपूट. शेपूट जवळजवळ जमिनीला टेकायचं. पुंजाबा ते रिठ्यानं धुवायचा, फणीनं विंचरायचा आणि सकाळी घोडीला फिरवून आणताना आमच्या फाटकाशी बांधून चहा प्यायचा. फळा वाचायचा तो मोठ्यानं, बहुधा चांदणीलाही ऐकू जावा म्हणून.

त्या सुमाराला माझ्या डोक्याला सुबाभळीचा ताप होता. ही सुबाभूळ कोणी लावली माहीत नाही, पण आमच्या कुंपणाशी तिची रांगच होती. तिच्या शेंगा झुपक्यांनी लटकतात, वाळून तडकतात, आणि पडलेलं प्रत्येक बी उगवायचं ठरवूनच पडतं. गुलाबाच्या वाफ्यात सुबाभूळ, कुंडीत सुबाभूळ, कारंज्याच्या भेगेत सुबाभूळ. मी वैतागून फळ्यावर लिहिलं: "सुबाभळीच्या शेंगा व पाला हा गाई-शेळ्यांसाठी पौष्टिक चारा आहे." लिहिलं ते खोटं नव्हतं. प्रमाणात दिला तर खरंच आहे.

पुंजाबानं वाचलं आणि विचारलं, "साहेब, घोडीला चालंल का?"

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" हे दोन शब्द. उच्चारायला सोपे, पैसे पडत नाहीत. पण सकाळचं सगळं मंडळ भोवती उभं होतं, आप्पा माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या मनात कुंपणाशी साचलेले शेंगांचे ढीग होते. मी म्हटलं, "न चालायला काय झालं? घोडी काय विलायतेहून आली का? पाहिजे तेवढ्या ने."

"लय उपकार झाले, साहेब," पुंजाबा म्हणाला.

तो रोज पोतं भरून न्यायला लागला. बाग स्वच्छ झाली. चांदणी आवडीनं खायची. मी साहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की कचऱ्याचा प्रश्न आपण लोकसहभागातून सोडवला आहे.

काही आठवड्यांनी पुंजाबा एकटाच आला. घोडी नाही. खांद्यावरचं उपरणं त्यानं बाकावर सोडलं, तर आत पांढऱ्या केसांचा हा एवढा पुंजका. "साहेब, विंचरायला गेलो तं हातात आलं. आयाळ बी चाललीय. हे काय हो?"

आप्पा वाकून बघत म्हणाले, "आजची गंमत दिसतेय."

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी घोडी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सुबाभूळ घालता का?" पुंजाबानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, सुबाभळीत एक द्रव्य असतं. गाई-शेळ्यांच्या पोटात ते बरंचसं मोडतं, घोड्याच्या पोटात नाही, आणि मग केस झडतात. "खुरांपर्यंत गेलं नाही हे नशीब. आजपासून बंद करा. केस येतील परत." "कधी?" या प्रश्नावर मात्र त्यांनी बॅगेची चेन लावली. "येतील. वेळ लागेल."

मी बागेत परतलो आणि फळ्यावर लिहिलं: "घोड्याला सुबाभूळ अजिबात देऊ नये. हे आधी न सांगणारा माणूस गाढव होता." दुसऱ्या दिवशी त्याखाली आप्पांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "गाढवालाही देऊ नये." डॉक्टरांना विचारलं, तर तेही खरं निघालं.

इथपर्यंत हसू येतं. पण पुढं लगीनसराई तोंडावर होती. आयाळीचं एक बरं असतं. मानेवर जरीची झूल, मोत्यांच्या माळा, कपाळावर तुरा, की झाकलं सगळं. शेपटीला काय झाकणार? मागं उरला होता नुसता दांडा, सोललेल्या मक्याच्या कणसासारखा. पुंजाबा शेडच्या दारात बसून म्हणाला, "बिनशेपटीच्या घोडीवर कोण बसंल, साहेब? लोक म्हणतील, अपशकुन. ह्या सराईत नाय चालली तं वर्षभर खायाचं काय? तिनं काय, आमी काय?" ओरडला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तोंड उघडलं आणि निघालं ते फळ्यावरचंच. "पुंजाबा, केस गेले नाहीत. झोपलेत. मुळं आत जिवंत आहेत."

त्यानं मान वर केली. "त्या बेडकावाणी?"

"अगदी तसंच."

त्यानंतर रोज सकाळी फाटकाशी पुंजाबा आणि त्याचा एकच प्रश्न: "साहेब, उठले का हो?" जसं काही ते केस माझ्या हजेरीपटावर होते. तो दिवसातून दहादा दांड्यावर बोट फिरवून बघायचा. शेवटी मी डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं, वर मऊ सुती फडकं गुंडाळलं आणि टाके घालून टाकले. "पेरलेलं बी रोज उकरून बघतात का? अक्षय्य तृतीयेपर्यंत हात लावायचा नाही." त्याला ते पटलं. खरं कारण वेगळं होतं. बघायची मलाच भीती वाटत होती.

मधल्या काळासाठी शेपूट हवं होतं. बायकांचं गंगावन मिळतं, पण ते काळं. माझं बालपण कळवणकडचं. आमचे वडील घायपाताच्या पात्यांपासून वाख काढून दोर वळायचे. लांब, पांढरेशुभ्र धागे. बागेच्या मागच्या कुंपणाला घायपात होताच. मी पाती कापली, पाण्यात कुजवली, बडवली. वडील करायचे तेव्हा हे सोपं दिसायचं. माझा पहिला वाख केरसुणीसारखा झाला, दुसरा हिरवट, आणि कुजवणाच्या वासानं सकाळचं मंडळ आठवडाभर दुसऱ्या फाटकानं आत येत होतं. हातांना खाज सुटली ती वेगळीच. तिसऱ्या खेपेला मात्र शेपूट जमलं. खोगिराला मागून शेपटीखालून जाणारा पट्टा असतो, दुमची म्हणतात तिला. तिलाच आणि फडक्याला ते मी पक्कं बांधलं. लांबून कोणाला शंका आली नसती.

पुंजाबानं चांदणीभोवती एक फेरी मारली. "झ्याक जमलंय. पण साहेब, मी पुढं लगाम धरणार. मागं सुटलं तं कोण बघणार? तुमी मागं चालायचं."

"मी?"

"शेपूट तुमचंच हाय की."

अशा रीतीनं मी, नोकरीतला एक निरीक्षक, संध्याकाळी सुटी झाली की नाशकातल्या वरातींमध्ये घोडीच्या मागं चालायला लागलो. इस्त्रीचा शर्ट घालून. लोक नमस्कार करायचे. "आपण नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

"घोडीकडचा," मी सांगायचो.

कोणी हसायचं, कोणी गडबडून जायचं, आणि एका मांडवात तर टोपी-उपरणं देऊन माझा सत्कारही केला. बायको विचारायची, "रोज कोणाचं लग्न असतं हो?" मी म्हणायचो, "कामाचं आहे." हे ऐकून ती काय समजली, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र चालता चालता ध्यानात आली. शेपूट घोडीला शोभेसाठी नसतंच. माश्या बसल्या, की चांदणी सवयीनं मागचा दांडा हलवायची आणि वाखाचं शेपूट नुसतं लोंबत राहायचं. ती पाय आपटायची, कातडी थरथरवायची, आणि मान वळवून मागं बघायची. मागं मी असायचो. मग मी कडुनिंबाची डहाळी घेऊन चालायला लागलो आणि वरातभर तिच्या पाठीवर वारा घालायचो. पाहुण्यांना वाटायचं, काय इतमाम आहे! मला घोडीच्या नजरेला नजर देववत नव्हती.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती. त्या संध्याकाळची वरात जोरदार होती. बँड, वर ड्रोन, आणि नवरदेवाच्या मामांना फटाक्यांची भारी हौस. चांदणी आवाजाला सरावलेली. कानही हलवायची नाही. मामांनी रस्त्याच्या मधोमध अनार लावला, तो नेमका कलला, आणि ठिणग्यांचा फवारा थेट आमच्यावर. वाख म्हणजे वाळलेलं गवतच. शेपटीच्या टोकाला चर्र झालं आणि ज्योत वर चढायला लागली.

मी विचार केला नाही. केला असता तर काहीतरी चुकीचंच केलं असतं. दोन्ही हातांनी शेपूट धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. दुमचीची गाठ तुटली, फडक्याचे टाके उसवले आणि शेपूट, फडकं सगळं माझ्या हातात आलं. मी ते रस्त्यावर आपटलं आणि त्यावर नाचायला लागलो.

बँड थांबला. नवरदेवाच्या आत्यांचा आवाज सगळ्यांच्या वर: "अगं बाई! या मेल्यानं घोडीचं शेपूट उपटलं!"

सगळी वरात घोडीच्या मागच्या बाजूला जमली. दिसेल तिकडं मोबाइल वर. घोडीवर नवरदेव, मुंडावळ्या सावरत, "काय झालं? अरे, काय झालं कोणी सांगेल का?" मामा चूक कबूल करावी की नाही या विचारात. आणि हातात धुरकट शेपूट घेऊन उभ्या असलेल्या मला त्या क्षणी एवढंच कळत होतं, की पुंजाबाची सराई संपली. उद्या अख्ख्या नाशकाच्या मोबाइलवर बिनशेपटीची घोडी असणार.

पुंजाबा लगाम सोडून मागं धावत आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. आत्याबाईंकडंही नाही. तो उघड्या पडलेल्या दांड्याकडं बघत राहिला, मग हळूच त्यावरून तळहात फिरवला.

"साहेब," तो म्हणाला, "उठले."

मी वाकून पाहिलं. दांडाभर पांढरे, ताठ, पेरभर केस. दाढीच्या ब्रशासारखे. चांदणीनं ते सगळे एकदम हलवले.

"काय उठले?" आत्याबाई कडाडल्या. "बिनशेपटीची घोडी आणलीत होय रे लग्नाला?"

एरवी मान खाली घालून बोलणारा पुंजाबा ताठ उभा राहिला. "बिनशेपटीची नाय, आत्याबाई. हे बघा, कोंब हायेत. आजच फुटल्यावानी. तुमच्या पोराच्या वरातीत."

आत्याबाईंनी चष्मा लावला. बोट लावून पाहिलं. आता त्या काय म्हणतात यावर एका घराचं वर्ष अवलंबून होतं, आणि त्यांना त्याची काही कल्पना नव्हती. त्यांनी मागं वळून हाक मारली, "अगं, ते ताट आण इकडं." करवलीच्या हातातल्या ताटातून चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू घेतलं आणि त्या खुंटाला लावलं. "नवा कोंब तो शुभच," त्यांनी निकाल दिला. "वाजवा रे!"

बँड वाजला. पुंजाबा लगाम विसरून नाचला, मामा सुटकेच्या आनंदात नाचले. नवरदेवाला शेवटपर्यंत कळलं नाही, काय झालं ते. व्हिडिओ फिरायचा तो फिरलाच. दुसऱ्या दिवसापासून पुंजाबाला फोन यायला लागले: "ती कुंकवाच्या शेपटीची घोडी तुमचीच का?" त्या सराईत चांदणी उघड्या खुंटानं मिरवली. मी मात्र डहाळी घेऊन मागं चालत राहिलो. माश्यांना कुंकवाचं काही वाटत नव्हतं.

पूर्ण शेपूट यायला पुढं बराच काळ गेला. तोवर माझी निवृत्ती आली. निरोपाच्या दिवशी बागेत आलो, तर फळ्यावर आप्पांचं अक्षर: "आजची गंमत: निरीक्षक आजपासून झोपणार. लघवीला उठतील." फाटकाशी चांदणी सजून उभी, शेपूट घोट्यापर्यंत, पांढरं, तेल लावून विंचरलेलं. पुंजाबा म्हणाला, "साहेब, आज तुमी वर बसायचं. घरापर्यंत मिरवत सोडतो."

गळ्यात हार, डोक्यावर फेटा, सगळं मंडळ टाळ्या वाजवतंय. रिकिबीत पाय घालायच्या आधी मी थांबलो. इतके दिवस घोडीच्या मागं चाललेल्या माणसाची सवय. मी गुपचूप मागं गेलो, शेपूट मुठीत धरलं आणि पक्कं आहे ना, हे बघायला एक हिसका दिला.

पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा फेटा गुलाबाच्या वाफ्यात होता, आप्पा हसून हसून बाकाला टेकले होते, आणि पुंजाबा माझ्यावर वाकून विचारत होता, "आता पटलं का, साहेब?"

"पटलं," मी म्हटलं. मी "हिरवळीवर बसू नये" या पाटीच्या अगदी समोर, हिरवळीवर बसलेला होतो.